नाट्यगृहासमोरचा रस्ता

शहरात गाडी कोठे उभी करावी, हा ज्यांच्याजवळ गाडी आहे त्यांचा प्रश्न; कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात डोके कशाला घालावे, असा समज कार्यकर्त्यांमध्ये बराच रूढ आहे. दुष्काळ, ऊसतोडणीची मजुरी, पीकविमा, रोजगार हमीची थकलेली कामे असे जळते प्रश्न दारात उभे असलेल्या बीड जिल्ह्यात तर हा विषय काढणेही काहींना चैनीचे वाटेल. परंतु गाडी उभी राहते ती जमिनीवर, आणि शहरातली ती जमीन बहुतेक वेळा सार्वजनिक मालकीची असते. सार्वजनिक जमिनीचा उपभोग कोणी, किती वेळ आणि काय मोबदला देऊन घ्यावा, हा प्रश्न आपला नव्हे असे म्हणण्याची सोय समाजवादी कार्यकर्त्याला नाही.

बीड शहरात यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, परळीला नटराज रंगमंदिर आहे. नाटकांचे प्रयोग थोडे आणि शाळांची स्नेहसंमेलने, सत्कार, व्याख्याने व पक्षांचे मेळावे फार, हा जिल्ह्याच्या गावांतील नाट्यगृहांचा एकंदर अनुभव. प्रयोग असो की मेळावा, संध्याकाळचे चित्र मात्र सारखेच असते. सहाच्या सुमारास दुचाकी येऊ लागतात. त्या दुकानांच्या पायऱ्यांशी, विजेच्या खांबांशी, मिळेल त्या आडोशाला लागतात. मग मोटारी येतात. पहिली रस्त्याच्या कडेला, दुसरी तिच्या अंगाला, तिसरी कोपऱ्यावर, जेथून वळणाऱ्या रिक्षाला पुढचे काही दिसत नाही. हीच वेळ बाजार उरकून घरी परतणाऱ्या बायाबापड्यांची, शिकवणीहून सुटलेल्या मुलांची आणि दिवसभराच्या विक्रीतला उरलासुरला माल संपवू पाहणाऱ्या हातगाडीवाल्यांची असते. जागा अपुरी पडली की कोणाला तरी हटावे लागते. कोण हटतो, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. केळीची गाडी हटते. मेळावा सत्ताधाऱ्यांचा असेल तर पांढऱ्या मोटारींचा ताफा थेट दारापर्यंत जातो आणि शिट्टी त्यांच्यासाठी नव्हे, केळीवाल्यासाठी वाजते.

या दोघांचा रस्त्यावरचा हक्क कायद्याच्या नजरेने पाहिला तर मोठी मौज दिसते. पदपथावर वा रस्त्याच्या कडेला बसून माल विकणे हाही घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे मान्य करून घेण्यासाठी फेरीवाल्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सोदानसिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या खटल्यात १९८९ साली न्यायालयाने तो हक्क मान्य केला, अर्थात वाजवी निर्बंधांसह. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, संसदेने पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायचे, शहर विक्री समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असायचे, विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळायचे, ठरलेल्या क्षेत्रात त्याने बसायचे आणि ठरलेले शुल्क भरायचे. सर्वेक्षण होईपर्यंत कोणालाही उठवू नये, असेही कायदा सांगतो. म्हणजे चार-सहा फुटांच्या जागेसाठी एवढी मोठी व्यवस्था! मोटारीला यातले काहीच लागत नाही. तिला सर्वेक्षण नाही, समिती नाही, प्रमाणपत्र नाही आणि बीडसारख्या गावात शुल्कही नाही. तिने यावे आणि उभे राहावे. मालक तीन तासांनी येईल.

जागेचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. एका मोटारीला उभे राहायला साधारणपणे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. एवढ्याच जागेत पाच-सहा हातगाड्या लागतात किंवा सहा दुचाकी उभ्या राहतात. समजा, एखाद्या प्रयोगाला ४०० माणसे मोटारीने आली आणि प्रत्येक मोटारीत चौघे बसले (इतके बसत नाहीत, पण समजू). मोटारी झाल्या १००. त्यांना नुसते उभे राहायला १,२५० चौरस मीटर आणि आत-बाहेर करायला, वळायला तितकीच आणखी जागा हवी. एकूण अडीच हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पंचवीस गुंठे. हीच माणसे दुचाकीवर दोघे-दोघे आली तर गाड्या उभ्या करायला चार गुंठे पुरतात. एस. टी.ने आली तर आठ-नऊ गाड्या लागतील, आणि त्यांना उभे राहायला आगार आहेच. कोरडवाहू शेतकऱ्याला पंचवीस गुंठे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बाजारपेठेच्या मध्यभागी एवढी जमीन तीन तासांसाठी फुकट द्यायची, तीही ज्यांना परवडते अशांना, आणि तिला शहराची अपरिहार्य गरज म्हणायचे! ही गरज कोणी ठरवली?

जुन्या व्यवस्थेत सारेच चांगले होते असे मानण्याचे कारण नाही. पण एका गोष्टीत तिला अधिक शहाणपण होते. बाजारहाटाला वा जत्रेला येणारे लोक बैलगाड्या वेशीबाहेर सोडीत. त्यासाठी गाडीतळ असे. पुण्याजवळ हडपसरला ते नाव अजून टिकून आहे. बैलांना पाणी, गाडीवानांना सावली, आणि तेथून पुढे सावकारापासून सालगड्यापर्यंत सगळे पायीच. गाडी कितीही मोठ्या घरची असली तरी ती देवळाच्या पायरीला लावण्याची रीत नव्हती. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. तमाशा असो, गोंधळ असो की भारुड, खेड्यातला खेळ रात्रभर चाले आणि उजाडता संपे. लांबून आलेला माणूस तांबडे फुटता उठून आपल्या वाटेला लागे. रात्री परत कसे जायचे हा प्रश्नच त्या रचनेत उद्भवत नसे. संध्याकाळी सुरू होऊन तीन तासांत संपणारे नाटक ही शहराची निर्मिती आहे आणि ते शहरही विशिष्ट प्रकारचे, जेथे रात्री उशिरापर्यंत ट्राम, बस किंवा रेल्वे चालते.

मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने ते कामगारवस्तीत उभे केले. गिरणीतला माणूस पाळी संपवून चाळीत गेला, अंग धुऊन, जेवून चालत नाटकाला आला आणि चालतच परतला. कोकणातल्या चाकरमान्यांची नाटके आणि नमने तेथे झाली. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झाले तेव्हा गाड्या कोठे लावायच्या, हा प्रश्न त्याच्या प्रेक्षकाला फारसा पडण्यासारखा नव्हता. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांचे दादर स्थानक चालत काही मिनिटांवर. कल्याणचा कारकून आणि बोरीवलीची शिक्षिका एकाच रांगेत बसून नाटक पाहू शकत आणि शेवटची लोकल पकडून घरी जात. मराठी व्यावसायिक रंगभूमीला जो मोठा मध्यमवर्गीय प्रेक्षक मिळाला, त्याचे श्रेय नाटककारांना व नटांना जरूर द्यावे. पण त्यात लोकलचाही वाटा आहे, हे समीक्षक सहसा नोंदवीत नाहीत.

त्याच दादरमध्ये पुढे काय झाले? गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि त्याच्या पराभवानंतर गिरण्यांच्या जमिनी बाजारात आल्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन २००५ साली ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. त्या जागी कोहिनूर स्क्वेअरचे मनोरे उभे आहेत आणि त्या इमारतीत सार्वजनिक वाहनतळ आहे. शिवाजी मंदिराला मोटारीने येणाऱ्या रसिकाची सोय आता तेथे होऊ शकते. जेथे माणसे पाळीला उभी राहत, तेथे मोटारी उभ्या राहतात. यावर अधिक भाष्याची जरुरी नाही. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला त्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र बहाल करण्याचे धोरण मुंबईत राबवले गेले. म्हणजे वाहनतळाच्या निमित्ताने मजले वाढले. आणि एवढे करूनही गाड्या रस्त्यावरच राहिल्या. जवळ फुकट जागा असताना पैसे देऊन तळघरात कोण जाणार? शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेने या वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना पाच हजार रुपयांपासून पुढे दंड आकारण्यास सुरुवात केली. वाहनतळ बांधल्याने रस्ता मोकळा होतो, ही समजूत अशी महाग पडली. दामोदर नाट्यगृह तर पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस बंद झाले आणि ते पुन्हा त्याच जागी, तेवढेच उभे राहावे यासाठी रंगकर्मींना आंदोलन करावे लागले.

पुण्याची कथा वेगळी. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, तेव्हा पुणे हे सायकलींचे शहर होते. पुढे त्याचे दुचाकींचे व मोटारींचे शहर झाले. महापालिकेच्या सभेने मार्च २०१८ मध्ये रस्त्यावरील वाहनांना शुल्क लावण्याचे धोरण मंजूर केले. त्याला एवढा विरोध झाला की सुरुवात केवळ पाच रस्त्यांपुरती करण्याचे ठरले, आणि पुढे तेही थंडावले. विरोध करणाऱ्यांची भाषा सामान्य माणसाच्या खिशाची होती. येथे पुरोगामी म्हणवणाऱ्यांनीही थोडे आत्मपरीक्षण करावयास हवे. फुकट वाहनतळ ही गरिबाला मिळालेली सवलत आहे, असे मानणे म्हणजे राजवाड्याच्या हत्तीला घातलेला चारा रयतेच्या नावावर खर्ची टाकणे होय. अमेरिकेतील डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने फुकट वाहनतळाची भारी किंमत दाखवणारा ग्रंथ २००५ साली लिहिला. फुकटची जागा कधीच फुकट नसते, तिचा भार ज्यांच्याजवळ मोटार नाही तेही घरभाड्यातून आणि मालाच्या किमतीतून उचलतात, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र बाजारभावाने शुल्क लावले की सारे सुरळीत होईल, हा त्याचा विश्वास जसाच्या तसा उचलता येणार नाही. ज्याला परवडते त्याने दारात गाडी लावावी आणि इतरांनी लांबून यावे, एवढाच त्याचा अर्थ झाला तर वेशीवरच्या गाडीतळाइतकाही न्याय त्यात उरत नाही. जपानने १९६२ च्या कायद्याने वेगळाच मार्ग धरला. गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे असे दाखवल्याखेरीज तेथे गाडी नोंदवता येत नाही. महाराष्ट्रातही २०२५ साली परिवहन मंत्र्यांनी अशा अटीची घोषणा केली. घोषणेला शुल्क नसते.

आता बीडकडे वळताना एक भेद स्पष्टपणे केला पाहिजे. मोटार आणि दुचाकी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पुण्या-मुंबईत ज्याला सोय म्हणतात ती दुचाकी बीड जिल्ह्यात पुष्कळांना नाइलाजाने घ्यावी लागलेली आहे. परळीला निजामी अमदानीपासून रेल्वे आहे. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणाला, खुद्द बीडला, पहिली प्रवासी गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तीच्या ७७ व्या वर्धापनदिनी! अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची मंजुरी मात्र १९९५ ची. या तीस वर्षांत एक पिढी म्हातारी झाली. रेल्वे नाही म्हणून एस. टी., आणि एस. टी.ची गत सर्वांना माहीत आहे. १८ हजारांच्या घरात असलेला महामंडळाच्या गाड्यांचा ताफा करोनानंतर १५ हजारांच्या आसपास आला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात सरकारने जी दिरंगाई केली, तिच्यामुळे खेड्यातल्या कित्येकांची एस. टी.ची सवयच तुटली आणि ज्याला जमले त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.त निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ज्या वेळेला गाडीच नसते त्या वेळी निम्मे तिकीट कशाचे काढायचे?

नाटकाच्या वेळेचा पेच नेमका येथे आहे. खेड्याकडे जाणारी शेवटची गाडी ही बहुधा मुक्कामी गाडी असते. ती संध्याकाळी आगारातून निघते, रात्री गावात मुक्काम करते आणि सकाळी विद्यार्थी, दूधवाले व कचेरीत काम असलेली माणसे घेऊन परत येते. म्हणजे ती सुटते तेव्हा नाट्यगृहाचा पडदा नुकता वर जात असतो किंवा जायचाही असतो. ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्याला नाटकाच्या सुरुवातीलाच उठावे लागणार, हे दिसत असल्याने तो येतच नाही. दुचाकी आहे त्या घरातही तिच्यावर दोघांनाच बसता येते. म्हातारी सासू, वयात आलेली मुलगी मागे राहतात. गेवराई, माजलगाव, वडवणी अशा तालुक्यांतील बाईने बीडच्या नाट्यगृहात एखादे चांगले नाटक पाहावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकारच या व्यवस्थेने शिल्लक ठेवलेला नाही. मग प्रेक्षागृहात रिकाम्या खुर्च्या राहतात, बाहेर रस्ता मात्र मोटारींनी भरलेला असतो. निर्माता सांगतो, मराठवाड्यात नाटकाला माणसे येत नाहीत. आयोजक म्हणतो, वाहनतळ नाही म्हणून येत नाहीत. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. तथापि मोटार नसलेला माणूस दोघांच्याही हिशेबात नाही.

राज्यातील नगरपरिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि बीडलाही पुन्हा लोकनियुक्त सभागृह लाभले. अशा सभागृहापुढे वाहनतळाचा विषय आला की एखाद्या बहुमजली वाहनतळाचा आराखडा, त्याखाली व्यापारी गाळे, आणि गाळ्यांच्या वाटपाची चर्चा हे ठरलेले वळण असते. कार्यकर्त्यांनी हे वळण घेण्याआधीच काही साधे प्रश्न विचारावेत. बीडमध्ये सरकारी जमिनीची वानवा नाही. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी-रविवारी त्यांची आवारे कुलूपबंद असतात, आणि नाटकांचे दौरे बहुतेक शनिवार-रविवारीच असतात. इतर दिवशीही सव्वासहाला कचेऱ्या सुटतात. जनतेच्या पैशाने राखलेली ही आवारे प्रयोगाच्या रात्री चार-पाच तास उघडायला नवा मजला लागत नाही. एक पहारेकरी, दोन दिवे आणि जिल्हाधिकाऱ्यांची एक सही लागते. मोटारींना तेथे शुल्क असावे. दुचाकींना ते नाममात्र किंवा मुळीच नसावे. सायकलींना जागा सर्वांत पुढे मिळावी. तेथून नाट्यगृहापर्यंत चालत यायला कोणाचे पाय झिजत नाहीत. ज्यांना चालता येत नाही अशा वृद्धांना व अपंगांना दारापर्यंत सोडून गाडी मागे नेता येईल, एवढी जागा राखली की पुरे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११७ वाहने उभी करण्याच्या जागा ठरवून देण्याचा अधिकार देते आणि कलम १२२ इतरांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने गाडी सोडून जाण्यास मनाई करते. नवा कायदा मागण्याची गरज नाही. आहे तो पांढऱ्या मोटारींनाही लावावा, एवढेच मागायचे आहे. ही मागणी करणाऱ्या पक्षांनी स्वतःच्या मेळाव्याच्या दिवशी आपले ताफे आधी लांब उभे करून दाखवावेत; त्यात समाजवादी पक्षांनाही सवलत नाही.

मोकळ्या झालेल्या रस्त्याचे काय करायचे, हेही त्याच वेळी ठरले पाहिजे. नाहीतर तेथे पुन्हा मोटारीच येतील. नाट्यगृहाबाहेर चहा, भजी, शेंगा, गजरे विकणारी माणसे ही अतिक्रमण नव्हेत, ती नाटकाच्या संध्याकाळचाच भाग आहेत. मध्यंतरात आतल्या उपाहारगृहात दुप्पट दराने चहा घ्यावा लागतो, तो बाहेर निम्म्यात मिळतो. २०१४ च्या कायद्याखालील शहर विक्री समिती कागदावर न ठेवता तिची बैठक बोलवावी आणि नाट्यगृहालगतची एक बाजू संध्याकाळी विक्रेत्यांसाठी राखावी. विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या समोर ही आखणी झाली तर पुढे शिट्टी वाजवण्याची वेळ पोलिसांवर येणार नाही.

आणि एस. टी.? सगळ्या मार्गांवर रात्रीच्या गाड्या सुरू करा, ही मागणी सभेत टाळ्या मिळवून देईल, पदरात मात्र काही पाडणार नाही. त्याऐवजी प्रयोगाच्या दिवसापुरती दोन-तीन मार्गांची मुक्कामी गाडी नाटक सुटल्यावर सोडावी, अशी नेमकी मागणी करावी. चालक-वाहक तेच, गाडी तीच, मुक्काम तोच; बदलते ते फक्त सुटण्याचे घड्याळ. अर्थात नेहमीच्या वेळेला जाणाऱ्या उतारूंची गैरसोय होऊ नये म्हणून एका फेरीची जास्तीची तजवीज करावी लागेल, आणि चालक-वाहकांना जादा तासांचा मोबदला व पुरती विश्रांती द्यावी लागेल. ते महामंडळाच्या माथी न मारता प्रयोगाच्या आयोजकांनी व नगरपरिषदेने त्याचा भार उचलावा. तिकिटाच्या दरात पाच-दहा रुपये त्यासाठी बाजूला काढता येतील. प्रयोगाच्या जाहिरातीत नटांच्या नावांखाली गाडीचा मार्ग आणि वेळ छापावी. वडवणी, गेवराई व पाटोदा या तीन मार्गांपासून आरंभ करण्यास हरकत नाही. बीडच्या आगार व्यवस्थापकांकडे असा लेखी अर्ज पुढच्या प्रयोगाच्या किमान पंधरा दिवस आधी जावा, त्यावर नाट्यसंस्था, ग्रंथालये आणि महिला मंडळे यांच्या सह्या असाव्यात, आणि प्रत नगराध्यक्षांना द्यावी.